कुठल्या पानावर?

मुलांनो,

आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. गेल्या ऑक्टोबरात माझ्या हातून एक चूक झाली. तुमची चूक झाली की आम्ही वहीत लाल पेनानं गोल करतो. पण बाईंचीच चूक झाली तर गोल कोण करणार? म्हणून म्हटलं, आपला गोल आपणच करावा आणि तो तुम्हालाही दाखवावा.

त्याचं झालं असं. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ सालापासून आपल्या महाराष्ट्रात तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी दप्तर बाजूला आणि गोष्टींची पुस्तकं पुढ्यात! मी मुलुंडच्या एका प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात एकेचाळीस मुलं. मी सगळ्यांना सांगितलं, "या वर्षात वाचलेल्या कुठल्याही एका पुस्तकाबद्दल दहा ओळी लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा घरी आणला. रात्री जेवणं आटोपली, भांडी झाली आणि मी लाल पेन घेऊन बसले. पहिली वही उघडली. 'मला हे पुस्तक खूप आवडले. यातून चांगला बोध मिळतो. सर्वांनी हे पुस्तक जरूर वाचावे.' छान! दुसरी वही. 'मला हे पुस्तक खूप आवडले. यातून चांगला बोध मिळतो...' तिसरी वही, चौथी वही, दहावी वही. पुस्तकं वेगवेगळी, पण वाक्यं तीच. साच्यातून मोदक काढावेत तशी एकापाठोपाठ एक! मीही न थांबता सगळ्यांना 'छान', 'छान' करत सुटले.

आणि मग एक वही आली. त्यात दोनच ओळी होत्या.

'मी श्यामची आई हे पुस्तक वाचले. मला ते आवडले नाही.'

माझं पेन थांबलं. श्यामची आई आवडली नाही? साने गुरुजींचं पुस्तक? मला आधी आश्चर्य वाटलं, मग थोडा रागही आला. दहा ओळी सांगितल्या होत्या, ह्यानं दोन लिहिल्या आणि त्याही अशा! मी त्या ओळींखाली लाल रेघ ओढली आणि लिहिलं, 'पुन्हा नीट वाच.'

दुसऱ्या दिवशी वह्या वाटल्या. तो मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला. (त्याचं नाव सांगत नाही. हा लेख लिहू का, असं मी त्याला आणि त्याच्या आईला विचारलंय. त्यानं 'लिहा' म्हटलं, पण 'नाव नको' असंही म्हटलं.) वही उघडून त्यानं माझ्यासमोर धरली.

"बाई, मी नीट वाचलं होतं. दोनदा वाचलं."

"मग आवडलं कसं नाही?"

"दोनदा वाचलं, म्हणूनच."

तेवढ्यात बेल झाली. पोरं दाराकडे धावली, तोही गेला. मीही डबा उघडला, पण घास काही गोड लागेना.

संध्याकाळी घरी निघाले. मी घाटकोपरला राहते. सकाळी सगळी मुंबई दादर-सीएसएमटीकडे धावत असते तेव्हा मी उलट दिशेला मुलुंडला येते, म्हणून मला गाडीत बसायला जागा मिळते. ह्या जागेचं मोल काय, ते तुमच्या आईबाबांना विचारा! तर त्या दिवशी परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसले होते. नाहूर गेलं, भांडुप गेलं आणि एकदम मला वाचनालयातले काका आठवले.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. आम्ही पंतनगरला राहायचो. जवळच एका इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत वाचनालय होतं. अनामत रक्कम भरायची, महिन्याच्या महिन्याला वर्गणी द्यायची आणि एका वेळी एक पुस्तक घरी न्यायचं. खाकी कागदाची कव्हरं, पाठीवर शाईनं लिहिलेला नंबर आणि उघडलं की येणारा तो जुन्या कागदाचा वास. टेबलाशी एक काका बसायचे. जाड भिंगांचा चष्मा आणि कानामागे पेन्सिल. बोलायचे कमी. पुस्तक परत घेतलं की नोंदवहीत खूण करायचे आणि "हं, पुढचं?" एवढंच म्हणायचे.

एकदा त्यांनी स्वतःहून मला एक जाडजूड पुस्तक दिलं. त्याचं नाव 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन बाईंनी १९३८ साली ही कादंबरी लिहिली आणि पुढच्याच वर्षी तिला तिकडचं मोठं पुलित्झर पारितोषिक मिळालं. आपल्या मराठीत ती राम पटवर्धनांनी आणली, तीही अशी की मूळ पुस्तक इंग्रजी असेल असं वाटूच नये. फ्लोरिडाच्या जंगलात राहणारं एक गरीब कुटुंब. आई, वडील आणि त्यांचा एकुलता एक मुलगा ज्योडी. त्याला हरणाचं एक अनाथ पाडस मिळतं. तो त्याला जिवापाड सांभाळतो. पाडस मोठं होतं आणि शेतातलं कोवळं पीक खाऊ लागतं. पीक गेलं तर वर्षभर खायचं काय? मग... मग काय होतं ते मी सांगणार नाही. तुम्हीच वाचा.

शेवट वाचला तेव्हा मी हमसाहमशी रडले. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन पुस्तक टेबलावर जवळजवळ आपटलं आणि म्हटलं, "काका, हे पुस्तक वाईट आहे. असलं पुस्तक मला पुन्हा देऊ नका!"

मला वाटलं, काका रागावणार. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं,

"कुठल्या पानावर?"

"म्हणजे?"

"पुस्तक वाईट आहे म्हणतेस ना? कुठल्या पानावर वाईट झालं?"

मी पुस्तक उघडलं. पान शोधावं लागलंच नाही, आपोआप सापडलं. तिथला कागद माझ्या रडण्यानं थोडा फुगला होता. काकांनी ते पान पाहिलं, मग मला पाहिलं.

"वाईट पुस्तकातलं पान कुणाच्या लक्षात राहत नाही, बाळ," ते म्हणाले. पुस्तक मिटून त्यांनी नोंदवहीत खूण केली. "हं, पुढचं?"

एवढंच. मला त्या वेळी ते नीट समजलं नाही. पण त्यांनी मला 'पुन्हा नीट वाच' म्हटलं नाही. आणि मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले, इतकी वर्षं मुलांना शिकवते आहे, तरी काकांचा तो एक प्रश्न माझ्या लाल पेनाला काही सुचला नाही. गाडी घाटकोपरला लागली, उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात मीही बाहेर पडले. मनात एकच वाक्य, 'कुठल्या पानावर?'

सोमवारी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात तोच प्रश्न लिहिला आणि म्हटलं, "दहा ओळी नकोत. बोध नको. प्रत्येकानं आपलं पुस्तक आणायचं आणि एक पान दाखवायचं. आवडलं असेल तर कुठल्या पानावर आवडलं? नाही आवडलं तर कुठल्या पानावर बिनसलं?"

मग काय विचारता! आधी पाच मिनिटं शांतता. मग एकानं हळूच हात वर केला. "बाई, मी पुस्तक वाचलंच नव्हतं. मागच्या बाजूला छापलेलं उतरवून काढलं." त्याच्यामागून आणखी चार हात वर झाले. आणि मी त्या सगळ्यांना 'छान' दिलं होतं!

पण ज्यांनी वाचलं होतं त्यांच्या पुस्तकांतून खरोखरच पानं निघाली.

एका मुलानं भा. रा. भागवतांचं पुस्तक आणलं होतं. फास्टर फेणेचे जनक ते हेच. फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, वर्गातली निम्मी मुलं त्याच्यासारखं 'टॉक्' करायचा सराव करत असतात. ह्याच भागवतांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या अद्भुत गोष्टीही मराठीत आणल्या. आमच्या पठ्ठ्यानं त्यांतली चंद्रावर जाण्याची गोष्ट वाचली होती आणि तो जाम भडकला होता. "बाई, एवढी मोठी तोफ ओतली, पोकळ गोळा बनवला, त्यात तीन माणसं बसवली. आणि माणसं चंद्रावर उतरतच नाहीत! मग कशाला गेली?"

वर्ग हसला. मी मात्र हसले नाही, कारण त्याचं म्हणणं रास्त होतं. चंद्राच्या गोष्टीत चंद्रावर पाय ठेवायला मिळाला नाही, तर वाचणाऱ्याची निराशा होणारच. मग मी त्यांना एक गंमत सांगितली. व्हर्ननं ह्या गोष्टीचा पहिला भाग लिहिला १८६५ साली. त्याच्या गोष्टीतली तोफ उडते ती अमेरिकेतल्या फ्लोरिडातून. पुढच्या भागात ती तीन माणसं चंद्राला वळसा घालतात आणि परत येऊन प्रशांत महासागरात पडतात. आणि १९६८ च्या डिसेंबरात 'अपोलो ८' हे यान खरोखर फ्लोरिडातूनच उडालं. आत तीन अंतराळवीर. त्यांनी चंद्राभोवती दहा फेऱ्या मारल्या, उतरले नाहीत आणि परत आले ते प्रशांत महासागरात! उतरणं जमलं ते पुढच्या वर्षी, १९६९ च्या जुलैमध्ये, 'अपोलो ११' ला. म्हणजे व्हर्नची गोष्ट शंभर वर्षांनी जवळजवळ जशीच्या तशी घडली.

सगळा वर्ग 'आँ!' करून ऐकत होता. तक्रारदार दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "तरी पण बाई, उतरायला पाहिजे होतं."

बरोबर आहे. त्याची निराशा त्याच्यापाशी राहू दे. मी ती काढून घेणारी कोण?

दुसऱ्या एका मुलीनं 'तोत्तोचान' आणलं होतं. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी स्वतःच्या लहानपणच्या शाळेबद्दल लिहिलेलं हे पुस्तक. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणलंय. त्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरायचे. ही मुलगी रोज शाळेच्या खिडकीतून मुलुंडची गाडी बघते, तिला तर ती शाळा स्वर्गच वाटली! पण तिनं दाखवलं ते पान शेवटाकडचं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, टोकियोवर बॉम्ब पडले आणि ती शाळा जळाली, ते पान. "बाई, ही शाळा खरी होती हे कळल्यावर मला आनंद झाला. आणि इथे आल्यावर इतका राग आला की पुस्तक कपाटात मागे टाकून दिलं."

"म्हणजे आवडलं नाही का?"

तिनं बराच विचार केला. "आवडलं. पण राग आला. दोन्ही लिहिलं तर चालतं का?"

चालतं, बाळांनो, चालतं! हे मी त्या दिवशी पाचवीच्या मुलीकडून शिकले.

आणि ह्याच पुस्तकातलं आणखी एक पान मला टोचलं. तोत्तोचान पहिल्या दिवशी शाळेत येते तेव्हा मुख्याध्यापक कोबायाशी तिला म्हणतात, तुला काय सांगायचंय ते सगळं सांग. आणि चार तास तिचं बोलणं ऐकतात. चार तास! आणि मला एका मुलाच्या दोन ओळी नीट ऐकता आल्या नव्हत्या.

तिसऱ्या मुलीच्या हातात गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्रांचं पुस्तक होतं. वाढदिवसाला मिळालेलं. ती म्हणाली, "बाई, माझं बिनसलेलं पान एक नाही, सगळीच आहेत. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चौकटीत तात्पर्य दिलंय. मी आधी तात्पर्य वाचते, मग गोष्ट वाचावीशीच वाटत नाही. कोल्हा हरणार हे कळलेलंच असतं." हिला म्हणतात खरी निराशा. इथे पुस्तकाला वाचणाऱ्यावर भरवसाच नाही.

मग पोरांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "बाई, तुमचं पान?"

मला 'पाडस'ची गोष्ट सांगता आली असती. पण ते पुस्तक तर मला आता फार आवडतं. खरं सांगायचं म्हणजे मला एका वेगळ्याच पुस्तकानं दगा दिला होता, ते सांगितलं. रॉबिन्सन क्रूसो. इंग्रज लेखक डॅनियल डिफो यानं १७१९ साली लिहिलेलं पुस्तक. जहाज फुटून एक माणूस निर्जन बेटावर पोचतो आणि तिथे अठ्ठावीस वर्षं काढतो. लहानपणी मी त्याची मराठीतली छोटी, सोपी आवृत्ती वाचली होती आणि वेडी झाले होते. गादीवर चादरीचा तंबू करून त्यात बसायचे. आईनं हाक मारली की म्हणायचे, "मी बेटावर आहे, जहाज आल्यावर येते!"

मोठेपणी तेच पुस्तक पूर्ण वाचायला घेतलं. त्यात रॉबिन्सनला एक तरुण भेटतो. रॉबिन्सन त्याचा जीव वाचवतो. तो भेटला शुक्रवारी, म्हणून रॉबिन्सन त्याचं नाव ठेवतो 'फ्रायडे'. मग त्याला एक शब्द शिकवतो, 'मास्टर', म्हणजे मालक. आणि सांगतो की मला ह्या नावानं हाक मारायची. लहानपणी मला ते दोघे मित्र वाटायचे. आता त्या पानाशी मी अडकले. जूनमध्ये नवीन मुलं वर्गात येतात तेव्हा मी सगळ्यात आधी काय विचारते? "बाळ, तुझं नाव काय?" हा माणूस ते विचारतच नाही!

एका मुलीनं विचारलं, "मग फ्रायडेचं खरं नाव काय होतं, बाई?"

"पुस्तकात ते कुठेच नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

वर्ग एकदम शांत झाला. मी ते पुस्तक फेकून दिलेलं नाही. चादरीचा तंबू अजून आठवतो आणि हसू येतं. पण आता ते पान माझ्या डोळ्यांआड होत नाही. लहानपणी आवडलेलं पुस्तक मोठेपणी खट्टू करतं, असंही होतं. तेव्हा आपण लबाड नव्हतो आणि आताही नाही. मधल्या काळात आपण चार माणसं जास्त पाहिलेली असतात, एवढंच.

आता तुम्ही विचाराल, बाई, त्या मुलाचं काय झालं?

तो त्या तासाला काहीच बोलला नव्हता. मीही त्याला सगळ्यांदेखत विचारलं नाही. मधल्या सुट्टीत जिन्यापाशी गाठलं. आधी म्हटलं, "मी तुझ्या वहीत जे लिहिलं ते चुकलं. मला आधी तुला विचारायला हवं होतं." तो बुटाकडे बघत राहिला. मग मी विचारलं, "कुठल्या पानावर?"

"पान नाही, बाई. रात्र."

ज्यांनी 'श्यामची आई' वाचलंय त्यांना लगेच कळलं असेल. आश्रमात श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. म्हणून त्या पुस्तकात धडे नाहीत, रात्री आहेत. अशा बेचाळीस रात्री.

"कुठली रात्र?"

"शेवटाकडची. श्याम घरी येतो ती. तो येतो, पण आई आधीच गेलेली असते. तो वेळेवर पोचतच नाही."

आणि मग त्यानं जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगते. घरी तो आणि आई, दोघंच. आई दादरला एका पोळीभाजी केंद्रात काम करते. सकाळी हा उठायच्या आधी निघते आणि संध्याकाळी सात-साडेसातला येते. जुलैमध्ये एक दिवस पावसानं गाड्या बंद पडल्या. आईच्या फोनची बॅटरी संपली होती. शेजारच्या काकूंनी ह्याला जेवायला घातलं, "झोप, येईल आई" म्हणून सांगितलं. हा दिवा लावून वाचत बसला. हातात तेच पुस्तक होतं आणि वाचायच्या राहिल्या होत्या त्या शेवटच्या रात्री. विक्रोळीपासून रुळांवरून चालत चालत आई घरी पोचली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्यानंतर त्यानं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. म्हटलं, "मला वाटलं, दुसऱ्यांदा तरी शेवट वेगळा लागेल."

आता सांगा, ह्या मुलाला पुस्तक 'आवडलं नाही' म्हणजे काय? वर्गातल्या एकेचाळीस जणांत त्या पुस्तकानं ज्याच्या काळजाला हात घातला असा तोच एक होता. पण त्याला जे झालं, त्याला काय म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही त्याला दोनच शब्द दिले होते, 'आवडलं' आणि 'नाही आवडलं'. घाबरलो, रडलो, झोप उडाली, आईची वाट बघत बसलो, ह्यासाठी वहीत रकाना नव्हता. मग त्यानं त्यातल्या त्यात जवळचा शब्द उचलला. आणि मी त्याच्याखाली लाल रेघ मारली.

मी त्याला पुस्तकाबद्दल एक गोष्ट सांगितली. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं ते १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. त्यांची स्वतःची आई जाऊन तेव्हा पंधराहून अधिक वर्षं झाली होती. तरी ती त्यांच्या मनातून गेली नव्हती.

त्यानं विचारलं, "मग लिहिताना त्यांना रडू आलं असेल?"

"आलं असेल."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि खेळायला पळाला. काय बरोबर आहे, ते मी विचारलं नाही.

त्याच पुस्तकाबद्दल आणखी दोन मुलांची तक्रार होती, तीही सांगायला हवी. श्याम पोहायला जायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला मारत मारत बाहेर काढते, ती रात्र. ही दोघं म्हणाली, "आईनं मारायला नको होतं." मी म्हटलं, "लिहा तसं." साने गुरुजींचं पुस्तक आहे म्हणून त्यातलं काहीच खटकू नये, असं थोडंच आहे? ज्या गुरुजींचा मुलांवर इतका जीव होता, ते अशा मुलांवर रागावले नसते असं आपलं मला वाटतं.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. मुलांनो, पान उलटू नका, तुम्हीही वाचलंत तरी हरकत नाही!

पालकहो, मुलानं पुस्तक मिटलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "काय बोध घेतलास?" नाहीतर, "किती पानं झाली?" मीही माझ्या मुलीला हेच विचारायची. मग मूल आपल्याला हवं तेच उत्तर देतं, कारण त्याला सुटका हवी असते. त्याऐवजी एकदा विचारून पाहा, "कुठल्या पानावर थांबलास?" आणि उत्तर आलं की लगेच समजूत घालायला धावू नका. पुस्तक अर्धवट टाकलं तर "पैसे वाया गेले" म्हणू नका. ज्याला नावडतं पुस्तक खाली ठेवायची मुभा असते, तोच आवडतं पुस्तक उशाशी घेऊन झोपतो. आणि हो, तुमचंही एक पान त्याला दाखवा. ते लहानपणीचं असलं तर उत्तम.

डिसेंबरात पालकसभा होती. त्या मुलाची आई कामावरून अर्धा दिवस रजा काढून आली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, हा आता मला रात्री वाचून दाखवतो. मी भांडी घासते, हा मोरीपाशी स्टूल घेऊन बसतो. मी नाव ऐकून होते, पण वाचलं कधी नव्हतं. छत्तीस रात्री झाल्यात. परवापासून म्हणतो, पुढचं नको."

"मग?"

"मी म्हटलं, राहू दे. मे महिन्यात मला चार दिवस सुट्टी असते. तेव्हा मी घरी असेन. तेव्हा वाचू दोघं."

तुम्ही काय वाचताय सध्या? मला पत्र लिहा. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि पान. आवडलं असलं तरी पान आणि बिनसलं असलं तरी पान. दोन्ही झालं असेल तर दोन्ही लिहा. एक ओळ आली तरी चालेल. लाल पेन मी ह्या वेळी कपाटात ठेवलंय.

तुमच्या
बाई